आपण म्हणजे कितीजण

गुरुवार, १२ मार्च

प्रिय ठमे,

सप्रेम सलाम. आजी झालीस तरी मी तुला ठमेच म्हणणार, जावईबापूंना हसायचं तर हसू दे.

इकडे ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा कुरकुरतो, तोंड मात्र झकास चालतं. "बहिणीला लिहिताय ना? मग हवापाण्यात पान घालवू नका," असं आत्ताच ऐकवून गेली. बांधणीला जुनी पुस्तकं येतात थोडीफार. खळ अजून मीच शिजवतो.

तुझं पत्र पोचलं. चष्म्याचं वाचलं, नातीच्या दातांचं वाचलं आणि शेवटची ओळ वाचली. "दादा, देव मला बाबांच्या तुटलेल्या दोन बोटांचं विचारेल, तेव्हा तू माझ्या बाजूनं बोलशील ना?" गमतीनं लिहिलंयस. पण तिथं तुझं अक्षर बारीक झालंय. तुझं अक्षर मी पाटीपासून ओळखतो.

ठमे, तिथं कुणी कुणाच्या बाजूनं बोलत नाही गं. एकेकाला नावानं हाक, आणि ज्याचा त्यानं जाब द्यायचा. मी काही शिकलेला नाही, बांधायला आलेली पुस्तकं वाचून डोक्यात शिरलं तेवढंच. पण एवढं कळतं. म्हणून तिथं जे सांगावं लागणार, ते आधी तुला सांगतो.

बाबा कागद कापायच्या यंत्रात थप्पी सरळ करत होते, तू पायपट्टी दाबलीस, पातं खाली आलं. हे खरं. पण पात्यापुढची जाळी जागेवर असती तर त्यांचा हात आत गेलाच नसता. ती जाळी मी काढली होती. सकाळीच. थप्प्या भराभर सरकवता याव्यात म्हणून. बाबांनी बजावलेलं असताना. मग मी चहाला गेलो, कुणाला बोललो नाही. तुला यंत्रावर येऊन जेमतेम आठवडा झालेला, जाळी नसताना पट्टी दाबायची नाही हे तुला कुठून ठाऊक?

दवाखान्यात मी म्हणालो, "जाळी बसवायची आपल्याकडून राहिली."

बाबांनी विचारलं, "आपण म्हणजे कितीजण?"

मी खाली बघितलं. तू रडत म्हणालीस, "मी पण, बाबा." आणि मी तुला ते म्हणू दिलं.

त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. चाळीस वर्षं उपासनेत सगळ्यांबरोबर "आम्ही पाप केलं" म्हणतो, मोठ्यानं म्हणतो. त्या "आम्ही"त फार ऊब असते. गेल्या रविवारी तुझं पत्र खिशात होतं, म्हणून "मी" म्हणून पाहिलं. आवाजच फुटेना. शेजारच्या सुताराला वाटलं घसा बसला, त्यानं खोकल्याची गोळी पुढं केली.

प्रभू क्षमा करतो यावर माझा भरवसा आहे. पण तुझी क्षमा त्याच्याकडून परस्पर मागून चालायचं नाही, ती तुझ्याकडेच मागायला हवी. मागतो. तू घाईनं "जाऊ दे, दादा" लिहू नकोस, तुझी खोड ठाऊक आहे मला. रागाव. नीट रागाव. भाजी चिरायलासुद्धा तू सुरी धरली नाहीस इतकी वर्षं. ती भीती माझी होती, सोसलीस तू.

आणि रोजच्या प्रार्थनेत बाबांच्या बोटांसाठी माफी मागतेस, ती आजपासून थांबव. ते तुला कुणी विचारणार नाही.

त्या दोन बोटांचा जाब एकट्यानं देणारा,
तुझा दादा
(अजून म्हणवत असेल तर)