टाकीच्या भिंतीवरचं अंटार्क्टिका

आबा, तुमच्या नावाचा एक प्राणी जगात यायच्या बेतात आहे. माझ्या लेखाचं शेवटचं प्रूफ समोर पडद्यावर उघडं आहे आणि संध्याकाळी पाचपर्यंत मी ‘छापा’ म्हणून कळवलं की तो आलाच. आता दोन वाजून गेलेत. गेले तीन आठवडे माझ्या तोंडून ना धड हो निघतंय, ना नाही. इतकी शिणले आहे की आज कॉलेजात रजा टाकली, आणि प्रूफ वाचायचं सोडून तुम्हाला लिहीत बसले. तुम्ही गेल्याला एकोणीस वर्षं झाली. तुम्हाला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. तुम्ही होतात तेव्हा आपण एकाच खोलीत राहत होतो, पत्राची गरजच पडली नाही.

तो प्राणी तुम्ही पाहिलेला आहे, म्हणजे त्याचा एखादा भाऊबंद तरी. मला नोकरी लागली त्या वर्षी मी तुम्हाला प्रयोगशाळा दाखवायला नेलं होतं. चपला बाहेर काढू का म्हणून तुम्ही दारातच अडून राहिलात. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बराच वेळ पाहिलंत आणि म्हणालात, “अस्वलनं पिल्लू दिसस वं.” मला हसू आलं, कारण लोक त्याला पाणअस्वलच म्हणतात. पुस्तकातलं नाव टार्डिग्रेड. आठ पाय, पायांना नख्या, आणि सगळा मिळून टाचणीच्या टोकाएवढाही नाही. तो शेवाळात राहतो. शेवाळ वाळलं की हाही अंग चोरून वाळतो आणि वर्षांनंतर पाणी मिळालं की उठून चालू लागतो. “यान्हं नाव काय?” तुम्ही विचारलंत. मी सांगितलं की याला नाव आहे, पण बिननावाचे अजून पुष्कळ आहेत आणि ज्याला सापडतील त्यानं नाव द्यायचं. “मंग देखत ऱ्हाय,” म्हणालात. त्यानंतर दोनच वर्षं होतात तुम्ही.

मी देखत राहिले. सहा वर्षांपूर्वी अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर जाऊन आलेल्या एका शास्त्रज्ञबाईंनी तिथल्या खडकांवरचं शेवाळ मला कागदी पाकिटांतून पाठवलं. बर्फावर जायचं त्यांच्या नशिबात, माझ्या नशिबात सुरतेचा उकाडा. घाम काचेवर पडू नये म्हणून कपाळाला रुमाल बांधून मी ध्रुवावरचे प्राणी शोधत बसायचे. शेवाळ भिजवायचं, पाणी बारीक कापडातून गाळायचं, कापडावर उरेल ते काचेवर घ्यायचं, आणि मग एकेकाच्या नख्या, तोंडाची नळी, अंड्यांवरचे काटे यांची मापं. एका पाकिटातून अकरा प्राणी निघाले आणि चार अंडी. ध्रुवांवरून वर्णन झालेल्या कुठल्याच जातीशी त्यांचा मेळ बसेना. त्यांची चित्रं काढण्यात आणि परीक्षकांच्या शंका निस्तरण्यात पाच वर्षं गेली, मान आखडली ती कायमची. नाव मात्र पहिल्याच दिवशी ठरलं होतं. तुमचं नाव, पुढे लॅटिनचं शेपूट.

तीन आठवड्यांपूर्वी एम.एस्सी.च्या मुलांचं प्रात्यक्षिक होतं. त्यासाठी कॉलेजच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर जे शेवाळ धरतं ते आम्ही दर वर्षी खरवडून आणतो. एक मुलगी आहे, आपल्याकडचीच, घरी अहिराणी आणि वर्गात गुजराती. तिनं मला हाक मारली. “मॅडम, आ तो तमारुंज छे ने? पेपरवाळुं?” मी डोळा लावला. माझंच होतं. अंड्यावरचे काटेसुद्धा तेच, टोकाला फुटलेले. आणि मी तिला म्हणाले, “नाही गं, नख्या वेगळ्या आहेत. नीट बघ.” तिनं पुन्हा पाहिलं आणि म्हणाली, “हो मॅडम, थोडं वेगळं लागतंय.” न दिसलेलं कबूल करायची सवय मीच लावली आहे त्यांना, आता कोणाला बोलणार?

घोटाळा त्या गाळायच्या कापडात होता. सुरतेबाहेरच्या सचिन वसाहतीतल्या एका कारखान्यातून मिळालेला बारीक नायलॉनचा तुकडा. माझ्या धंद्यातले बाकीचे लोक प्रत्येक नमुन्याला नवं कापड घेतात आणि जुनं फेकून देतात. पण माग चालवणाऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाच्या हातून धडकं कापड फेकलं जात नाही, आबा. मी ते धुतलं, खिडकीत वाळत घातलं, पुन्हा वापरलं. टाकीच्या शेवाळातले प्राणी त्या विणीत अडकून वाळले, आणि वरून अंटार्क्टिकाचं पाणी ओतलं तेव्हा ते उठून बसले. वाळल्यानं ते मरत नाहीत, हे मी वीस वर्षं फळ्यावर लिहिते आहे! जुनी वही काढून पाहिली तर ते पाकीट भिजवलं त्याच्या आदल्याच दिवशी प्रात्यक्षिक झालेलं. पाकिटातलं उरलेलं शेवाळ नव्या कापडातून गाळलं, त्यात एकही निघाला नाही. मग गरम मुलखातल्या प्राण्यांची जुनी वर्णनं उघडली आणि तासाभरात तो सापडला, नावासकट. इतक्या वर्षांत मी तिकडे वळलेच नव्हते, कारण पाकिटावर अंटार्क्टिका लिहिलेलं होतं.

ती मुलगी विसरूनही गेली असेल. मी गप्प बसले तर लेख छापला जाईल आणि तुमचं नाव आपण कोणी उरलो नाही तरी राहील. आणि तुम्ही मला गप्प बसायलाच सांगितलं असतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. माग सोडून तुम्ही कापड तपासायला लागलात ते दिवस आठवतात? मी आठवीत. डबा द्यायला आले की तुमच्या उतरत्या काचेच्या टेबलापाशी उभी राहायचे. खालून दिवा, वरून सरकणारा ताका, आणि खोट दिसली की तुम्ही काठाला लाल दोरा बांधायचात. त्या दिवशी शेठ शेजारीच उभे होते. आडवा धागा तुटूनही माग चालत राहिला की उमटते तशी एक विरळ पट्टी आली आणि तुमच्या हाताखालून बिनदोऱ्याची पुढे गेली. मी ओरडले, “आबा, ही राहिली!” शेठ वाकले. “आ ताको कोनो छे?” ताका मोठ्या काकांचा होता. तुम्हाला गावाहून सुरतेला आणणारे, माग शिकवणारे तुमचे सख्खे भाऊ. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि ते तुमच्याखेरीज कोणाला माहीत नव्हतं. शेठनी त्यांचे डोळे तपासून घेतले आणि महिन्याभरात काका गावी परतले, कायमचे. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून तुम्हाला म्हणाले, “जाऊ दे रे भाऊ, धाकली पोर शे.” त्यानंतर ते सुरतेला आले नाहीत आणि आपणही त्यांच्याकडे राहायला गेलो नाही.

तुम्ही मला मारलं नाहीत. आई भाकऱ्या थापत होती, तुम्ही चुलीपाशी बसून एवढंच म्हणालात, “तुले दिसनं ते खरं शे. पन शेठना मोहरे बोलानं काय काम व्हतं?” मी म्हणाले, “माले वाटनं, तुमले दिसनं नही.” तुम्ही मान हलवलीत आणि भाकरी मोडलीत. तो विषय आपल्या घरात पुन्हा कधी निघाला नाही.

चार वाजून वीस मिनिटं झालीत. मध्ये उठून मी मासिकाला लिहिलं की लेख मागे घेते आहे, नमुना माझ्या चुकीनं दूषित झाला. चार ओळी लागल्या. त्या शास्त्रज्ञबाईंनाही कळवलं. उद्या त्या मुलीला सांगेन की तिनं बरोबर ओळखलं होतं. ते जास्त जड जाणार आहे. मोकळं वगैरे काही वाटत नाही, नुसतं झोपावंसं वाटतंय. तुमचं नाव देऊन त्या दिवसाचं काहीतरी भरून निघेल अशी माझी समजूत होती, म्हणून तर इतकी वर्षं मी त्या पाकिटाला धरून बसले. हे पत्र पाठवायला पत्ता नाही हे बरंच आहे. आबा, तुमचा हात त्या पट्टीवर जरासा थांबला होता आणि मग पुढे गेला. ते मी पाहिलं होतं. तुम्हाला ती दिसली आहे हे मला माहीत होतं, तरी मी ओरडले. शेठना दाखवायचं होतं की माझी नजर तुमच्यापेक्षा तेज आहे.