‘तक्रार’ शब्दाची कार्डं

३ मार्च, सकाळी
शब्दकोशाच्या संपादकांनी मला एकच शब्द दिला. तक्रार. बाकीच्यांना वीस-वीस. मोठा शब्द जाणत्याकडेच जायचा. रविवारपर्यंत हातावेगळा करतो.

७ मार्च
अरबीत याचा अर्थ पुनरावृत्ती. तुर्कीत ‘पुन्हा’. उर्दूत भांडण. आपल्याकडे येईस्तोवर गाऱ्हाणं. चारही अर्थ घरात उपलब्ध, असं हिला म्हटलं. हसली. मग म्हणाली, पाठीत उजवीकडे दुखतंय. लगेच कार्डावर उतरवलं, तारखेसह. बोलण्यातली उदाहरणं अशी आयती मिळत नाहीत.

१९ मार्च
दुखणं आहेच, शिवाय अन्न जात नाही म्हणते. दोन कार्डं. संध्याकाळी परत तेच. अरबी अर्थ सिद्ध! मुलीचा फोन. आईला दाखवलं का? सोमवारी नेतो म्हणालो. रविवारी नोंद संपतेच आहे.

२ एप्रिल
संपली नाही. शब्द अरबीतून थेट आला की फारसीमार्गे, इथे घोडं अडलं. त्यात सोमवार हुकला, माझा काय दोष? मुलगी म्हणते, मी आईचं ऐकत नाही. कमाल आहे. बायकोचा शब्द न् शब्द लिहून घेणारा नवरा लाखात एक.

२१ एप्रिल
हल्ली ही बोलतच नाही. उदाहरणं आटली. कारण विचारलं तर म्हणाली, “तुम्ही लिहून घेता, म्हणून मला वाटायचं ऐकलंत.” वाक्य चांगलं आहे. पण याला तक्रार म्हणता येत नाही. कार्ड केलं नाही.

६ मे, दवाखान्यात
सकाळी ओट्याला धरून खालीच बसली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कधीपासून दुखतंय? हिला बोलवेना. कार्डं माझ्या पिशवीत होती, अर्थांप्रमाणे लावलेली. बाकावर बसून तारखेप्रमाणे लावली. बाईंनी एकेक वाचलं. म्हणाल्या, इतकं नीट लिहून कुणी आणत नाही. मला बरं वाटलं.
मग म्हणाल्या, “यांना पहिल्या कार्डाच्या वेळी आणायचं होतं.”

२४ मे
ही जाऊन आठ दिवस झाले. संपादकांचा फोन आला. रविवारी देतो म्हणालो.
कार्डं काढली. एकतीस. सगळ्यांवर तिचं बोलणं, माझं अक्षर. मी काय उत्तर दिलं, ते एकावरही नाही. बराच वेळ आठवून पाहिलं. दिलंच नव्हतं.