मंजू मागे उभी नसताना

४ नोव्हें.
रिमोटच्या विमानाचा डावा पंख जोडला. बाल्सा लाकूड इतकं हलकं की बोट दाबलं तरी खळगा. दुकानात पंपांच्या दोन मोटारी वाइंडिंगला पडून. गिऱ्हाईक बोंबलतंय, बोंबलू दे.
पंख वरून नारिंगी केले. खालून कोरेच. खालचा रंग दर विमानाला लेक निवडते.

९ नोव्हें.
शेतातल्या मोठ्या बांधीतलं धान निघालं. बाकी बांध्यांत उभ्या धानातच लाखोरीच्या डाळीचं बी फेकलं होतं, ते हिरवं झालं. ही एक मोकळी ठेवून विमानासाठी धसकटं कापली. शोभा म्हणते, "इथं विमान पेरून राहिले काय?" मग हसू आवरून, "पोरगी येत नाही तं कायले एवढा खटाटोप?"
उरलेली धसकटं गोळा केली.

१२ नोव्हें.
मंजूचा बंगळुरूहून फोन. दिवाळी गेली, गावच्या मंडईची जत्रा गेली, सुटी नाही. माझ्या मागे उभी राहून तिनं "बाबा, उलटं... आता सरळ" म्हटल्याला दोन वर्षं झाली. उलटं उडताना सगळं उफराटं, वर न्यायला रिमोटची दांडी पुढे ढकलायची. आणि विमान दूर गेलं की हल्ली पाठ कोणती, पोट कोणतं, मला दिसत नाही. डोळे तिचे, बोटं माझी.
डोळ्यांचं तिला सांगितलेलं नाही. सांगितलं तर काळजीनं येईल. मला ती हौसेनं यायला हवी आहे.

१५ नोव्हें.
तिनंच युक्ती काढली. "आईले व्हिडिओ धराले सांगा, मी इथून सांगतो." इतका आनंद झाला की जेवताना दोनदा ठसका.

१६ नोव्हें.
सकाळी, वारा नाही. शोभानं फोन आभाळाकडे धरला. मंजूचा आवाज, तोच हुकमी. पहिला लूप गोल. दुसरा जरा चपटा. मग विमान उलटं केलं, खाली येतंय वाटलं म्हणून माझं मीच सरळ केलं. तेवढ्यात फोनमधून, "बाबा, पुढे ढकला!"
ढकलली. तिचा शब्द दोन सेकंद उशिरा पोचला होता. माहीत होतं मला, विमान सरळ आहे. तरी हात तिचं ऐकून मोकळा. नाक खाली, थेट लाखोरीत.
शोभा "अवो माय!" ओरडली. मी फोन कापला. नंतर मंजूला कळवलं, नेटवर्क गेलं, विमान नीट उतरलं.

१९ नोव्हें.
उजवा पंख गेला, मोटरचा दांडा वाकला. शोभा: "खरं सांगून टाका न तिले. लेक आहे, पाहुणी नाही."

२३ नोव्हें.
मंजू: "खालून कोणता रंग देला?"
"देला नाही. तुह्यासाठी ठेवला."
त्यावर ती, "पडल्याचा आवाज आला होता मले. आई ओरडली ते बी. उशिरा आलं, पण आलं. खोटं काहून बोलले बाबा?"
डोळ्यांचं अगदी ओठावर आलं होतं. "तू येऊन रंग निवड," एवढंच म्हणालो.
"पाहतो," म्हणाली.

३० नोव्हें.
नवा पंख तयार. वरून नारिंगी, खालून कोरा. सकाळी बांधीत गेलो, विमान मांडलं, उडवलं नाही. रिमोट धरून उभा राहिलो, मग दोन पावलं पुढे सरकलो. मागे बांधीच्या कडेचा धुरा लागत होता, तिला उभं राहायला जागा उरत नव्हती.