गाडीचं पहिलं गिऱ्हाईक

प्रिय तशान,

पत्र्यावर पडणाऱ्या लाकडी हातोडीचा तो ठकठक आवाज सध्या कानांतून जात नाही. तुमच्या खुराड्याशेजारी तू बाहेरून ठोकायचास, मी आतून लोखंडी ठोकळा धरायचो, आणि मधल्या मध्ये त्या चिमुकल्या गाडीचा गाल हळूहळू फुगायचा. तुझ्या वहिनीचे गुडघे गेले होते. तिला एकटीला बाजारात जाता यावं, एवढंच माझं स्वप्न. तीनचाकीची विजेची मोटार, खाली चार चाकं, वर टप. सायकलवाले पुढे निघून जाताना ओरडायचे, "मोउ, चाबूक मार की तिला!" तू म्हणायचास, "हसू द्या, दादा. गुडघे गेले की हेच रांग लावतील." लावली रे त्यांनी. आता तुझ्या कारखान्यातल्या गाड्या बोटीनं इजिप्तला चालल्यात. ऐकलं तेव्हा मी खुशीत अंगणात एकटाच शाळेतली कविता म्हणत फिरलो.

इजिप्तच्या पाहुण्यांसाठी ठेवलेल्या शुक्रवारच्या मेजवानीला तूच बोलावलंस. "दादा, तुमच्याशिवाय पंगत कसली?" वहिनीनं कोटाला इस्त्री करून दिली. तू मला दाराशी बसवलंस, ड्रायव्हर बसतात तिथं. म्हटलं, गर्दी आहे, असू दे. मग मासा आला. वाढणारी आपल्याच गल्लीतली. तिनं माशाचं तोंड माझ्याकडे करून ताट ठेवलं. मानाच्या माणसाकडे तोंड, आणि एकदा ठेवलं की हलवायचं नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. तू बोट लावलंस आणि फिरतं टेबल फिरवलंस. मासा सगळ्यांसमोरून फिरत तुझ्या जावयापुढे थांबला. "या गाडीचा जनक!" तू जावयाकडे हात करून पाहुण्यांना सांगितलंस. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तर म्हणालास, "हे आमचे शेजारी. आमचं पहिलं गिऱ्हाईक." पाहुण्यांनी चहाचे पेले उचलले, आणि मीही हसून माझा दारूचा पेला उचलला.

गुरुजींनी पाठ करून घेतलेल्या कवितांत मित्र निरोपाला विलोच्या झाडाची फांदी मोडून देतात, चंद्राला साक्षी ठेवून एकटेच पितात, पत्रं येत नाहीत म्हणून झुरतात. मासा फिरवणारा मित्र मला एकाही कवितेत भेटला नव्हता.

घरी आलो तर वहिनीनं पहिलं हेच विचारलं, "मासा कोणाकडे बघत होता?" मी म्हटलं, "माझ्याकडे. दुसऱ्या कोणाकडे बघणार?" ती इतकी खूश झाली की शेजारणीला सांगून आली.

आज तुझ्या कचेरीतून फोन आला. उद्या गाड्या निघताना चित्रीकरण आहे. आजोबांनी गाडीत बसून हसायचं, पहिलं गिऱ्हाईक म्हणून. फोन वहिनीनंच घेतला होता. निरोप सांगून विझलेल्या चुलीशी बसून राहिली. म्हणून हे पत्र. कारखाना तुझा, नाव जावयाचं, घ्या. पण जिच्यासाठी ती गाडी केली, तिच्या डोळ्यांदेखत मी गिऱ्हाईक व्हायचं नाही. उद्या माझी वाट बघू नकोस, आणि यापुढे मला दादा म्हणू नकोस.

थांब, दार कोणीतरी बडवतंय.

तुझी आई आलीय, तशान. कित्येक वर्षं उंबरा न ओलांडलेली तुझी आई, भिंतीला धरत धरत, एकटी. वाढणाऱ्या पोरीनं तिला माशाचं सांगितलं म्हणे. धापा टाकतेय आणि मला म्हणतेय, "बूट घाल, थोरल्या. धाकट्याचा कान पिळायचाय, माझा हात आता तिथवर पोचत नाही."

तुझा, कोण ते आता आईच ठरवेल,
मोउ बाओथिंग