हरलेल्यानं लिहायचा कागद

वडवणी,
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

पंडित यास मोहनचा रामराम.

पाकीट फोडलंस म्हणजे अर्धं काम झालं. फोनवर मला ब्लॉक केलंस, व्हॉट्सॲपवर केलंस, गेममधल्या मित्रांच्या यादीतून काढून टाकलंस. आता पोस्टमनला कसा ब्लॉक करणार बे? संगट एक छोटं पार्सल हाय. ते आत्ताच उघडू नको, आधी पत्र वाच. न्हाईतर स्वप्नालीला मोठ्यानं वाचायला लाव. लेकीलाही कळू दे बापाचं नि माझं काय बिनसलंय.

इकडं सगळं ठीक. तुझ्या कौशल्या वहिनीचे गुडघे दुखतेत, जीभ मात्र शाबूत हाय. पोरगा सुरज पुण्याहून संक्रांतीला येऊन गेला. परवा बाजारात आपलं जुनं गिऱ्हाईक बजरंग भेटला. चारचौघांत म्हणला, मोहनराव, अजून ते गाडी-गाडी खेळता व्हय? सगळे हसले. मी म्हणलं खेळतो, नि जित्ता असेपर्यंत खेळणार. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसानं दिवसभर पत्ते कुटले तर चालतंय, पारावर बसून दुसऱ्याच्या सुनांची उणीदुणी काढली तरी चालतंय, पण कॉम्प्युटरवर गाडी पळवली की म्हातारचळ लागला म्हणतेत. म्हणू दे. मी त्यांच्या नाकावर टिच्चून खेळणार.

ताराबाई वहिनींना नमस्कार सांग.

आता मुद्द्याचं. एकोणीस जानेवारीच्या रेसमध्ये मी हरलो, तू जिंकलास. यात एवढं पेटण्यासारखं काय होतं? शेवटच्या वळणाला माझी गाडी मागून सुटली. टायरात हवा जास्त झाली असंल. होतं कधीकधी. आणि मी दवाखान्यात आलो न्हाई याचा राग धरला असशील, तर ऊसवाहतुकीचा हंगाम होता, दारात ट्रॅक्टरांची रांग लागलती. तुला सगळं माहीत असून तू असा वागतोस याचं मला वाईट वाटतं.

स्वप्नाली, तुझा बाप नि मी तेलगावच्या फाट्यावर एका पत्र्याच्या शेडात बावीस वर्षं गाड्या नीट केल्या. जीप, टेम्पो, ट्रॅक्टर, जे येईल ते. शेडात एक वही होती. ज्यानं केलेलं काम बिघडून परत आलं, त्यानं काय चुकलं ते वहीत आपल्या हातानं लिहायचं, नि दुसऱ्यानं ते लाल पेनानं तपासायचं. लिहिलेलं खोडायचं न्हाई. दुरुस्ती फक्त लाल शाईत. हा कायदा तुझ्या बापाचा. रस्ता रुंद झाला, शेड गेलं, त्यो पाटोद्याला गेला नि मी वडवणीला आलो.

मग लॉकडाऊन लागला. सुरजनं कॉम्प्युटर नि स्टेअरिंगचा सेट घरी आणला. मी सहज हात लावून बघितला, नि आठ दिवसांत तुला फोन केला की पंड्या, ह्या गेममध्ये गाडी नुसती चालवायची न्हाई, खोलायची पण हाय. स्प्रिंग, ब्रेक, गियर, टायरची हवा, सगळं आपल्या हातानं बसवायचं. दुसऱ्या महिन्यात तूही सेट घेतलास. पहिल्या रेसला आपण दोघांनी येड्यासारखी एकच चूक केलती. जन्मभर बारा माणसं नि टपावर पोती लादलेल्या जीपा दुरुस्त केलेल्या, म्हणून दोघांनीही मागचे स्प्रिंग दगडासारखे कडक लावले. रिकामी रेसची गाडी ती! पहिल्याच वळणाला दोघंही बेडकासारखे उडून कठड्याबाहेर. तू फोनवर हसून हसून खोकायला लागलतास.

तेव्हापासून रविवारी दुपारी तीनची वेळ ठरली, एका बैठकीला बहुतेक दोन रेसा. पावणेपाच वर्षं झाली. डोंगरातला तो एकच रस्ता, त्याला आपण मांजरसुंब्याचा घाट म्हणतो. आणि वहीचा कायदा इथंही लागू झाला. जो हरंल त्यानं आपल्या गाडीची सगळी सेटिंग कागदावर आपल्या हातानं लिहायची, फोटो पाठवायचा, नि जिंकणाऱ्यानं त्यावर लाल पेन चालवायचा. तुझे कागद माझ्या कपाटात ढीगभर पडलेत. तुझी गाडी नेहमी मागून नाचणारी, माझी रुळावर चालल्यासारखी. तू मला भित्रा म्हणायचास, मी तुला माकड.

लिहिता लिहिता वरचं एकदा वाचून बघितलं. चार ओळी खोट्या हायेत. खोडायच्या न्हाईत हा तुझाच कायदा, म्हणून आता लाल पेन घेतलाय. इथनं पुढचं सगळं लाल शाईत हाय, दिसत असंल.

दुरुस्ती पहिली. हवा जास्त झाली न्हाई, मी भरली. पुढचे ब्रेक मुद्दाम ढिले केले. तुझा उजवा हात नि उजवा पाय गेल्यावर साडेचार महिन्यांनी तू पहिल्यांदा रेसला बसणार होतास. पाय सरकत न्हाई म्हणून तू पेडलं डावीकडं सरकवून घेतलेली नि एका डाव्या हातानं स्टेअरिंग फिरवणार होतास. मला वाटलं, पहिल्याच दिवशी कशाला हरावं ह्यानं. मी तुला जिंकवलं. आणि तू जिंकल्यावर लहान पोरासारखा ओरडलास, ते ऐकून मला लई बरं वाटलं.

मग हरलेल्याचा कागद लिहायला बसलो, नि तिथं माझी गोची झाली. गाडीत बसवलेले ते घाणेरडे आकडे माझ्या हातानं कागदावर उतरेनात. पंडितच्या हातात माझ्या अक्षरात असलं काम जाणार? पेन उचलला, ठेवला, परत उचलला. शेवटी मी माझ्या खऱ्या गाडीचे आकडे लिहिले नि फोटो पाठवला. हरायला लाज वाटली न्हाई, पण वाईट मिस्तरी दिसायची लाज वाटली. बावीस वर्षांत हीच एक मस्ती अंगात राहिली, नि तिनंच मला पकडून दिलं.

तू ते आकडे तुझ्या गाडीत भरलेस. एका हातानं तोच घाट चढलास. नि संध्याकाळी तुझा फोन आला. तुझी जीभ अजून थोडी जड हाय, तरी एकेक शब्द स्पष्ट होता. तू म्हणलास, "तुझ्या कागदावरची गाडी मी एका हातानं चालवली, नि तुझ्या वेळेच्या नऊ सेकंदं आधी पोचलो. मग दोन हातांनी तू मागं कसा राहिलास? मला भीक घालतोस का बे?"

मग तू फोन ठेवलास नि सगळीकडून मला बंद करून टाकलंस. स्वप्नालीनं कौशल्याला कळवलं की बाबांनी सेट गुंडाळून पलंगाखाली ढकललाय, विकायचा म्हणतेत.

दुरुस्ती दुसरी. तुला झटका आला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. भादव्यात कसला आलाय उसाचा हंगाम? हे खोटं तर बजरंगच्या बैलालाही पटायचं न्हाई. मी बीडला आलतो, पंडित. तीनदा आलतो. तिन्ही वेळा दवाखान्याच्या खाली गाडी लावली, जिन्यापाशी गेलो, नि मागं फिरलो. ज्या हातानं तू पिस्टन नुसता चाचपून किती झिजलाय ते सांगायचास, त्यो हात चादरीवर पडलेला मला बघवणार न्हाई असं वाटलं. मी भ्यालो. भित्रा म्हणायचास ते खरं निघालं. नि त्या भीतीची भरपाई म्हणून मी तुला एक रेस दिली. हे तुला कळलंच असणार, म्हणून तर तू एवढा तापलास.

आता माझं ऐक. माफी मागून मी मोकळा होणार न्हाई. सेट विकायचा न्हाई. तुझा हात गेला म्हणून तू सुटलास असं समजू नको. भिंतीवरच्या हिशोबात माझ्या दोनशे चौदा रेसा होत्या नि तुझ्या दोनशे नऊ. त्यातली ती एक मी लाल पेनानं कापलीय. आता तुझ्या दोनशे आठ. सहा रेसांनी मागं असताना पळ काढणारा तू कोण? रोग येतो नि माणसाची रविवारची दुपार पण नेतो म्हणजे काय! मी त्याला नेऊ देणार न्हाई, नि तूही दिलीस तर तुझं तोंड बघणार न्हाई.

आता पार्सल उघड.

ओळखलंस का? स्टेअरिंगवर बसवायची मूठ. स्वप्नाली, मळणी यंत्रात आपल्या शेडात येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्या उत्तरेश्वरचा उजवा हात कोपरापासून गेला, तेव्हा ऊसतोडीचा मुकादम म्हणत होता की ह्याला राखणीचं काही हलकं काम द्या. तुझ्या बापानं त्याला शेडातच सुनावलं, "काम हलकं करू नका. मी स्टेअरिंग हलकं करून देतो." दोन दिवस लेथवर बसून त्यानं ही मूठ घडवली. उत्तरेश्वरनं तिला धरून दोन-दोन ट्रॉल्यांचा ऊस अकरा हंगाम ओढला. आता ट्रॅक्टर त्याच्या पोराकडं हाय, नि पोराला दोन्ही हात हायेत. मी मागितली तर त्यानं रॉकेलनं पुसून दिली.

तर हे माझं देणं न्हाई, तुझंच काम तुला परत आलंय. क्लिप मी बारीक केली, तुझ्या सेटच्या स्टेअरिंगला बसंल. डावीकडं, घड्याळात नऊ वाजतात त्या जागी बसव. बाकी गाडीची सेटिंग तुझी तू कर. मी एक आकडा सांगणार न्हाई.

रविवार, तेवीस फेब्रुवारी, दुपारी तीन. इन्व्हर्टर चार्ज करून ठेव, लाईटचा बहाणा चालणार न्हाई. मी माझी खरी गाडी आणणार, नि तुला असा हरवणार की घाटात माझी धूळ पण दिसणार न्हाई. आलास तर हरशील. मग तुला कागद लिहावा लागंल, तुझ्या हातानं, जो चालतो त्या हातानं.

आला न्हाईस तर मी सोमवारी पाटोद्याला येतो. ह्या वेळी जिना चढणार.

तुझा,
भित्रा, पण चांगला मिस्तरी,
मोहन


पाटोदा
सोमवार, २४ फेब्रुवारी

मोहन्या,

डाव्या हातानं लिहितोय. अक्षराला हसलास तर बघ.

हरलो. अठरा सेकंदं. तू एकदाही मागं बघितलं न्हाईस. आठव्या वळणाला मी कठड्याला धडकलो तरी थांबला न्हाईस. हरामखोर. बरं वाटलं.

कागद:

टायर हवा. पुढं २८, मागं २६.
ब्रेक. पुढं ५८, मागं ४२.
गियर. ऑटो. हात एकच हाय.
स्प्रिंग. पुढं मागं नरम. हाताला धक्का कमी बसावा म्हणून. चूक इथं झाली. वळणाला गाडी झोपत होती. पुढचं कडक करणार.
मूठ. नऊवर न्हाई, दहावर बसवली. नऊवर मनगट अडकतं. उत्तरेश्वरलाही दहावरच बसवलती. तू विसरलास.

एवढं लिहायला पावणेदोन तास लागले. स्वप्नाली म्हणली बाबा मी लिहिते. मी म्हणलं, तू हरलीस का?

लाल पेन चालव. दया दाखवू नको.

तुझे दोनशे पंधरा. माझे दोनशे आठ. त्या दिवशी मी पण भिंतीवरून ती एक कापलती.

दवाखान्याचं मला माहीत होतं. खिडकी गाडीतळावर होती. तुझ्या मोटारसायकलचा आवाज मी झोपेत ओळखीन. तिन्ही वेळा ऐकला. तिन्ही वेळा वाट बघितली. तिसऱ्या खेपंला सायलेन्सर फुटलेला वाजत होता. त्यो अजून बदलला न्हाईस असं कौशल्या वहिनी सांगतेत. एवढा चांगला मिस्तरी हाईस ना. पाटोद्याला घेऊन ये. मी बसून सांगतो, तू बदल.

सेट पलंगाखाली न्हाई.

खराखुरा हरलेला,
पंडित