नाकासमोरचा गोळा

शनिवार, ८ मार्च

बाबा हलले नाहीत! अजून खरं वाटत नाही.

विज्ञान केंद्रात इतकी वर्षं मी लोलकाचा प्रयोग दाखवतेय. छतापासून टांगलेला जड लोखंडी गोळा पाहुण्याच्या नाकाला टेकवायचा आणि अलगद सोडायचा — ढकलायचा नाही! तो पलीकडे जातो, परत येतो आणि नाकाच्या जरा अलीकडे थांबतो. जिथून निघाला त्याच्या पुढे येऊच शकत नाही. नियम सगळ्यांना पटतो. तरी गोळा तोंडावर आला की जो तो मान मागे घेतो. पैलवान घेतात, प्राध्यापक घेतात. ज्यांनी गोळा टांगला ते आमचे मिस्त्री तर डोळे गच्च मिटून देवाचं नाव घेतात. माझीही पापणी लवतेच. भिंतीवर ‘न डगमगलेले’ अशी पाटी आहे. खालची चौकट आजवर रिकामी.

आज बाबा माझ्या लेकीला घेऊन आले. आमची टकळी! तिनेच ओरडून जाहीर केलं, “आमचे आजोबा मुळीच घाबरणार नाहीत!” बाबा उभे राहिले. गोळा गेला, आला. पापणीसुद्धा लवली नाही! टाळ्याच टाळ्या. मिस्त्री म्हणाले, “वाघाचं काळीज हो तुमच्या वडिलांचं!” फोटो तिथल्या तिथे चौकटीत लागला. मी सगळ्यांसमोर रडले. वेडी कुठली.

रविवार, ९ मार्च

टकळीचा घसा बसलाय. बसणारच! शाळेत जाता-येता बाबांच्या स्कूटरवर पुढे उभी राहून रस्ताभर तोंड चालू. बाबांना म्हटलं, गप्प बसवा तिला. “बोलू दे गं. मला बरं वाटतं.” लाड नुसते.

मंगळवार, ११ मार्च

आज फोटो नीट पाहिला. गोळा नाकापाशी आलाय आणि बाबांची नजर त्याच्यावर नाहीच. त्याच्या आरपार, कुठेतरी लांब. शूर माणूस गोळ्याकडे बघतो, भित्रा डोळे मिटतो. हे तिसरंच काहीतरी.

पुढचा प्रयोग कसा केला, आठवत नाही.

बुधवार, १२ मार्च

सकाळी बाबा खुर्चीत बसले होते. चहाचा कप हळूच, न बोलता, थेट त्यांच्या नाकासमोर धरला. काहीच नाही! जरा कडेला सरकवला, तर लगेच हात पुढे. “अगं, केव्हा आलीस?”

विचारलं तर आधी हसून उडवलं. मग म्हणाले, “मधलं तेवढं गेलंय. कडेचं सगळं दिसतं.”

“केव्हापासून?”

“थंडीपासून. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही.”

“आणि मला सांगितलं नाहीत?”

“सांगितलं असतं तर तू स्कूटरची किल्ली काढून घेतली असतीस. मग या घरात माझं काम काय उरलं?”

माझी पोर रोज त्या गाडीवर असते! एकुलती एक! रागाच्या भरात मी वाट्टेल ते बोलले. किल्ली घेतली. बाबा ऐकून घेत होते. बघत होते माझ्या कानाकडे. आता कळलं, माझा चेहरा बघायचा म्हणून ते कानाकडे बघतात.

वाघाचं काळीज म्हणे. मिस्त्रींना काय सांगू?

गुरुवार, १३ मार्च

टकळीला आज मी शाळेत सोडायला निघाले. गाडी फाटकाबाहेर पडताच तिने घोगऱ्या आवाजात सुरू केलं — “समोर सायकल. खड्डा, डावीकडे घे. सिग्नल लाल, थांब. थांब! ...हिरवा. चल.”

गाडी बाजूला लावली. हे काय चाललंय, म्हणून विचारलं.

“आमचं ठरलंय ना,” ती म्हणाली. “कडेचं आजोबा बघतात. मधलं मी.”