तुझ्या भावजयीचा इंग्रजी उखाणा

उज्जैन,
संक्रांतीनंतरचा रविवार

तीर्थस्वरूप जयूताईच्या चरणी धाकट्या मधुकरचा साष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? नागपुरात यंदा थंडी जास्त आहे असं ऐकतो, तेव्हा जिना चढ-उतर करू नकोस आणि तेल लावून घेत जा. भावजींचं ब्लडप्रेशर आटोक्यात असेलच. तू पाठवलेली संत्री पोचली, गोड होती म्हणतात. (म्हणतात, कारण माझ्या वाट्याला दोन आली. बाकीची तुझ्या भावजयीने तिच्या टीमला नेऊन वाटली. तिला आता टीम आहे.) इकडे महाकाळाच्या कृपेने सगळ्यांच्या प्रकृती ठणठणीत आहेत. फक्त माझ्या पोटात दुखतं आहे, आणि या दुखण्याला डॉक्टर गोळ्या देत नाहीत.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोन केला तर ही शेजारच्या खोलीत असते, आणि व्हॉट्सॲपवर लिहिलेलं तुम्ही दोघी एकमेकींना वाचून दाखवता हे मला गेल्या दिवाळीत कळलेलं आहे. म्हणून देवास गेटला बस स्टँडसमोरच्या चहाच्या दुकानात बसून लिहितो आहे. दुकानदार मघाशी विचारून गेला, "मास्साब, कोई अर्ज़ी लिख रहे हो क्या?" मी म्हटलं, वैसा ही समझो.

तुला माहीतच आहे की मी इंग्रजी शिकवतो नववी-दहावीला, म्हणजे बोर्डाच्या पोरांना, आणि ही भैरवगढच्या प्राथमिक शाळेत तिसरी-चौथीला. एका घरात इंग्रजीचे दोन शिक्षक असूनही इतकी वर्षं भांडण झालं नाही, कारण मोठं इंग्रजी माझं आणि लहान इंग्रजी तिचं अशी सरळ वाटणी होती. काळ, अर्ज, निबंध माझ्याकडे. कुत्रा, मांजर आणि आंबा तिच्याकडे. गल्लीत कुणाला बँकेचं इंग्रजी पत्र वाचून घ्यायचं असलं, की ही स्वतः म्हणायची, 'यांना विचारा.' ताई, ते 'यांना विचारा' ऐकण्यात केवढं सुख होतं, ते बंद झाल्यावर कळलं.

झालं असं, की गेल्या महिन्यात हुकूम आला. जिल्ह्यातल्या इंग्रजीच्या शिक्षकांचं पाच दिवसांचं प्रशिक्षण, आणि त्यात प्राथमिकवाले नि हायस्कूलवाले सगळे एकत्र. मला तिथेच खटकलं. (मिरच्या आणि केशर एका पुडीत बांधत नाहीत.) पण म्हटलं, जाऊ दे, प्रशिक्षणं काय आपण कमी बघितली आहेत? दीपप्रज्वलन होतं, हजेरी होते, पोहे-जलेबी होते, साहेब बोलतात, आपण डोळे मिटून चिंतन करतो आणि शेवटी प्रमाणपत्र मिळतं. या वेळी मात्र भोपाळहून चौरसिया मॅडम आल्या होत्या. आपल्या चिन्मयपेक्षा चार-दोन वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी आल्या आल्या खुर्च्या भिंतीला लावायला लावल्या (म्हणजे चिंतन बंद), आम्हाला गोल करून उभं केलं आणि जाहीर केलं की आता पाच दिवस हिंदी बोलायची नाही. ताई, पन्नास माणसं, सगळी इंग्रजी शिकवून पगार घेणारी, आणि असा शुकशुकाट मी या गावात कर्फ्यूतसुद्धा बघितला नव्हता.

मग मॅडमनी सांगितलं, शेजारी उभ्या असलेल्या माणसाची इंग्रजीत ओळख करून द्या. आम्ही हजेरीच्या क्रमाने उभे, त्यामुळे कानडेंच्या शेजारी कानडे. मी माझं काम झटपट उरकलं. म्हटलं, शी इज माय वाइफ अँड शी इज अ प्रायमरी टीचर. (प्रायमरीवर मी किंचित जोर दिला. तो हिला बरोबर ऐकू गेला.) मग हिची पाळी आली. 'धिस इज माय हसबंड. हिज नेम इज' इथपर्यंत गाडी नीट आली आणि तिथेच थांबली.

ही माझं नाव घेत नाही, हे तुला काय सांगायचं? आईने लावलेलं वळण, आणि हिने ते लग्नापासून जिवापाड सांभाळलेलं. गॅसवाल्याने नाव विचारलं तर चिन्मयला हाक मारते. चिन्मय पुण्याला नोकरीला गेल्यापासून जुनं बिल पुढे करते. तेव्हा भर सभेत ती नाव घेणार नाही हे मला माहीत होतं, पण चौरसिया मॅडमना वाटलं की बाई इंग्रजीला घाबरली. त्या पाठीवर हात ठेवून 'रिलॅक्स, रिलॅक्स' म्हणायला लागल्या. तराण्याच्या शाळेतले दुबेजी समोरून ओरडले, "अरे भाभीजी, सर का नाम भूल गईं क्या?" सगळे हसले. हिचे कान लाल झाले. मला (तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू) बरं वाटलं. आणि तेवढ्यात हिने पदर खोचला, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत एक श्वास घेतला आणि म्हणाली:

'मॉर्निंग टी इन स्टील ग्लास, ॲड सम शुगर,
फर्स्ट वेक्स द मिल्कमन, देन आय, अँड लास्ट मधुकर.'

 मग जो काय टाळ्यांचा कडकडाट झाला! वन्समोअर झाला. दुबेजींनी शिट्टी वाजवली. (निवृत्तीला आलेला माणूस.) चौरसिया मॅडमनी ते फळ्यावर लिहून घेतलं आणि फर्स्ट, देन, लास्ट यांच्याखाली रेघा ओढल्या. क्रम शिकवायला याहून सुंदर उदाहरण त्यांनी पाहिलं नव्हतं म्हणे. यात यमक आहे, ताल आहे, पोरांच्या घरातलं जगणं आहे, आणि यमकाच्या नादात बोलायची भीती जाते. त्यांनी त्याला 'नेम राइम' असं नाव देऊन टाकलं आणि दुपारपर्यंत अख्खा हॉल एकमेकांच्या नावांची यमकं जुळवत बसला.

माझ्याच्याने राहवेना. हात वर करून मी सांगितलं की मॅडम, हा काही शोध नव्हे, याला उखाणा म्हणतात, आमच्यात हळदीकुंकवाला कुठलीही बाई तिळगुळाच्या वडीवर चार उखाणे घेते. मला वाटलं, आता हवा निघेल. मॅडमचे डोळे उलट जास्तच चमकले. "वंडरफुल! तो सर, आप भी एक लीजिए ना मॅडम के नाम का!" (हिंदी बंद फक्त आम्हाला.) मी उभा राहिलो. ताई, मला नामाची व्याख्या येते, नामाचे प्रकार येतात, प्रत्येकाची तीन-तीन उदाहरणं झोपेत येतात. यमक येईना. शेवटी ठसका लागल्याचं निमित्त करून पाणी प्यायला बाहेर गेलो आणि चहाची सुट्टी होईपर्यंत नळापाशी उभा राहिलो.

त्या दिवसापासून माझी दशा काही विचारू नकोस. कुणीतरी व्हिडिओ काढला होता, तो गावभर फिरला. प्रार्थनेला मला जरा उशीर झाला की दहावीच्या रांगेतून हळूच येतं, 'अँड लास्ट मधुकर.' दूधवाला मात्र खूश आहे. आपण इंग्रजीत आलो म्हणून त्याने दुधातलं पाणी कमी केलं आहे, आणि तेही हिच्या हातात भांडं असेल तेव्हाच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका वाणाकडे न बघता 'इंग्रजीतला घ्या, इंग्रजीतला घ्या' म्हणून हिच्या मागे लागल्या, आणि मी आतल्या खोलीत तिळगुळाचा डबा मांडीवर घेऊन ऐकत बसलो. बाजारात मला आता लोक 'मॅडम के मिस्टर' म्हणतात. पुढच्या खोलीत माझं आदर्श शिक्षकाचं प्रमाणपत्र होतं ना, त्या खिळ्यावर हिचं लॅमिनेट केलेलं आलं आहे. माझं फ्रीजवर आडवं पडलं आहे. त्या भिंतीला ओल येते म्हणून काढलं, असं हिचं म्हणणं. मग हिच्या प्रमाणपत्राला ओल लागत नाही का?

आणि हे सगळं सोसलं असतं गं. पण गेल्या आठवड्यात ही डबा विसरली, म्हणून मी तो द्यायला भैरवगढला गेलो. (विसरली नव्हती, मीच पिशवीतून काढून ठेवला होता. बघायचं होतं.) खिडकीतून डोकावलो तर वर्गात नुसता कल्ला. ही सगळी छिप्यांची पोरं, घरात कापडावर ठसे मारायचं काम. एक टीचभर मुलगी बाकावर उभी राहून इंग्रजीतून सांगत होती की आधी कापड धुतात, मग रंग कालवतात आणि शेवटी तिचे बाबा ठसा मारतात. शेवटी बाबांचं नाव, यमकासकट. दोन चुका होत्या. मी मोजल्या. पण त्या वर्गात गप्प बसलेलं एकही पोर नव्हतं, आणि माझ्या दहावीत मी इंग्रजीतून काही विचारलं की सगळी पोरं बाकाकडे बघतात. मी जळलो ताई. सख्ख्या बायकोवर जळलो. डबा खिडकीतच ठेवला आणि आलो तसा परत फिरलो.

आता मुद्द्याचं. महिनाअखेरच्या सोमवारपासून प्रशिक्षणाची दुसरी फेरी आहे. चौरसिया मॅडमनी सहप्रशिक्षिका म्हणून हिला नेमलं आहे. आणि प्रशिक्षणार्थींमध्ये माझं नाव आहे. म्हणजे ही पुढे उभी राहणार आणि मी समोर बसणार. ही मला 'येस, सर, यू ट्राय' म्हणणार, मला जमलं नाही तर दुबेजींना विचारणार, आणि शेवटच्या दिवशी माझ्या प्रमाणपत्रावर हिची सही! पहिल्या फेरीत निदान दोघं एका रांगेत होतो. या गावात माझी जी काही पत आहे ती इंग्रजीवर आहे ताई, दुसरं माझ्याकडे काही नाही. दिसायला मी कसा आहे ते तू लहानपणापासून बघितलं आहेस.

तेव्हा कृपा करून पत्र मिळताच तुझा गुडघा वाढव. हिला फोन कर आणि कण्हत कण्हत सांग की उठवत नाही, आठवडाभर तरी ये. ती माझं ऐकणार नाही, पण तुझा शब्द खाली पडू देत नाही. तसा मूळ दोषही तुझाच आहे. लग्नात घास भरवताना ही तोंड उघडत नव्हती, तेव्हा हिच्या कानात पहिला उखाणा कोणी सांगितला होता? तूच ही सवय लावलीस, तूच निस्तर.

भावजींना नमस्कार सांग. थंडीत पहाटे फिरायला जाऊ देऊ नकोस. लोभ आहेच, तो सध्या जरा माझ्या बाजूला जास्त असावा, एवढंच मागणं.

तुझा,
मधुकर

ता.क. पत्र पाकिटात घालायचं राहून गेलं, म्हणून दोन दिवसांनी आणखी चार ओळी. गुडघ्याचं राहू दे. हिला फुरसत नव्हती म्हणून प्रशिक्षणात नेसायला भैरवगढची छापाची साडी मीच जाऊन घेऊन आलो. गडद लाल, बारीक बुट्टी. ही नागपूरला आली तर साडी तशीच पडून राहील, आणि दुकानदार परत घेत नाही.

आणखी एक. खरं काम लिहायचंच राहिलं. दुसऱ्या फेरीचा कार्यक्रम हातात आला आहे. पहिल्याच दिवशी प्रत्येकाने आपल्या जोडीदाराच्या नावाचा इंग्रजी उखाणा घ्यायचा आहे आणि यातून कुणालाही सूट नाही. (हे सहप्रशिक्षिकेने ठरवलं आहे. विचारलं तर हसते.) तर तू मला एक करून पाठव. तिच्या नावाला जुळणारे माझ्याकडे फक्त 'अजेंडा' आणि 'व्हरांडा' एवढे दोन शब्द जमले आहेत, आणि तिला व्हरांड्यात उभी केल्यावर पुढे काही सुचत नाही. तिच्यापेक्षा दोन टाळ्या जास्त पडतील असा असू दे. पत्राने वेळेत पोचणार नाही, चिन्मयच्या फोनवर पाठव, मी शाळेत असताना तो पुण्याहून फोन करून मला वाचून दाखवील. तू केलास हे दुबेजींना कळता कामा नये.

आणि शेवटचं. नाव अगदी शेवटी ठेवू नकोस, मधेच कुठेतरी घाल, म्हणजे पटकन उरकेल. यमक तू जुळवशील गं, पण अडचण पुढची आहे. मीही तिला आजवर नावाने हाक मारलेली नाही. नुसतं 'अगं', 'ऐकलंस का', आणि मग 'चिन्मयची आई.' पन्नास माणसांपुढे एकदम तोंडातून निघणार नाही, म्हणून आज सकाळी सराव करून बघितला. ती स्वयंपाकघरात होती. मी पुढच्या खोलीत पेपर तोंडासमोर धरला आणि जरा मोठ्याने म्हटलं, 'सुनंदा.' ती ओले हात पदराला पुसत माझ्यासमोरून गेली, दार उघडलं, रस्त्यावर दोन्हीकडे वाकून बघितलं आणि परत येऊन मला म्हणाली, "अहो, बाहेर तर कोणी नाही. मला हाक कोणी मारली?"